बोरपाटीचा पल्ला

पूर्वी सोयरीक जुळवताना माणसं विचारत, शेती किती, विहिरीला पाणी किती, मुलाला काही नाद तर नाही ना. मग एक काळ असा आला की या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न येऊ लागला. "गाव पल्ल्यात आहे का?"

पल्ला म्हणजे गाडीचा पल्ला. डिझेल-पेट्रोलच्या गाड्यांना जंगलातल्या रस्त्यांवर बंदी आली आणि त्या एका हुकमाने मेळघाटच्या डोंगरावरची गावं दोन जातींत वाटली गेली. सकाळी विजेच्या गाडीने खाली परतवाड्याला जाऊन दिवेलागणीच्या आत घरी येता येतं ती पल्ल्यातली गावं. जाता येतं, पण त्याच दिवशी परतता येत नाही ती पल्ल्याबाहेरची. पल्ल्याबाहेरच्या गावाला कोणी मुलगी देईना. तिथल्या माणसाला खाली नोकरी मिळेना. "उन्हाळ्यापुरते खाली राहतो" म्हणून गेलेली बिऱ्हाडं पावसाळ्याआधी कौलं फेरायला येत. दोन-तीन वर्षांनी कौलं फेरायलाही कोणी येत नसे.

बोरपाटी हे पठाराच्या पार टोकाचं गाव. सरकारी नकाशात ते उन्हाळ्यापुरतं पल्ल्याबाहेर दाखवलं होतं. तिथून रोज परतवाड्याला जाणारी एकच बाई उरली होती, हर्षलता मानकर.

हर्षलता कृत्रिम पाय बनवायची. परतवाड्याच्या एका जुन्या गल्लीत डॉक्टर निस्ताने यांचं केंद्र होतं. तिथे ती पाय गमावलेल्या माणसाचा साचा घ्यायची, कवच ओतायची, पाय बसवायची आणि मग त्याला चालायला शिकवायची. पन्नाशी जवळ आली होती, पण हाताला थकवा माहीत नव्हता. आणि तिचा नवरा दिवाकर वर बोरपाटीला कॉफीचा मळा सांभाळायचा. विदर्भात कॉफी पिकते हे ऐकून लोक हसत, दिवाकर त्यांना आधी कप पाजायचा, मग म्हणायचा, "आता हास बाप्पा." कॉफीची झाडं खाली आणता येत नव्हती आणि पाय बनवायचं केंद्र वर नेता येत नव्हतं. या दोघांच्या संसाराला जोडणारी गोष्ट एकच होती, तो अठ्ठावन्न किलोमीटरचा घाटरस्ता.

दिवाळीत त्यांनी अमरावतीहून एक वापरलेली गाडी आणली. दुधाळ रंगाची, सात वर्षांची. विकणारा मोठा गोडबोल्या होता.

"ताई, कागदावर पल्ला दोनशे लिहिला आहे," तो म्हणाला.

"कागदावर घाट आहे का?" हर्षलताने विचारलं.

तो हसला. "घाटात कमी होईल. पण हिच्या टपावर सौरपत्रा आहे. दिवसभर उन्हात उभी करत जा. ऊन म्हणजे फुकटचा चारा. गाय कशी चरायला सोडतो, तशी सोडायची."

आणि हे खरंही निघालं. सकाळी घाट उतरताना गाडी फारसं खायची नाही. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात आणि मोटर वीज बनवते, सायकलच्या डायनामोसारखी. परतवाड्याला पोचताना बॅटरीत शंभरातले ऐंशी उरलेले असत. दिवसभर गाडी केंद्रासमोरच्या मोकळ्या मैदानात चरायची आणि संध्याकाळी काटा दोन-तीन अंकांनी वरच चढलेला दिसायचा. सगळा परतवाडा तसंच करायचा. सावलीतली जागा रिकामी आणि उन्हातल्या जागेसाठी भांडणं, असा उलटा कारभार.

घाटाच्या पायथ्याला वनखात्याचा नाका होता. संध्याकाळी वर जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन आणि बॅटरी तिथलं यंत्र तपासायचं. वर पोचून हाताशी पाचवा हिस्सा शिल्लक राहील इतकी वीज असली की हिरवा दिवा. नसली की लाल. वाघाच्या जंगलात अंधार पडताना गाडी बंद पडू नये म्हणून हा नियम. एकट्या हर्षलताला नाक्यावर सत्तर लागायचे. तीनदा लाल दिवा लागला तर पाऊस येईपर्यंत परवाना बंद. हिवाळाभर ती ऐटीत हिरव्या दिव्याखालून जात राहिली. नाक्यावरचे झामरेदादा तिला पाहिलं की आडवा दांडा आधीच उचलायला घेत.

"आली बोरपाटीची मेल!" ते ओरडत.

चैत्र लागला आणि वऱ्हाडचं ऊन आपल्या मूळ स्वभावावर आलं. त्या वर्षी पारा अठ्ठेचाळिसाला टेकला. एका संध्याकाळी हर्षलता नाक्यावर थांबली आणि दिवा लाल झाला. काटा अडुसष्टवर होता.

"ताई, आज लाल आहे," झामरेदादा खाली मान घालून म्हणाले, जसं काही त्यांच्याच हातून झालं.

"दादा, दोनच तर कमी आहेत!"

"दोन असो की वीस. दांडा यंत्राच्या हातात आहे वं माय, माह्या नाही."

दुपारी गाडी चार्ज करावी, तर उन्हाळ्यात शहरातले ट्रान्सफॉर्मर तापून उडतात म्हणून दिवसा गाड्या चार्ज करायला बंदी होती. ती रात्र हर्षलताने परतवाड्यातल्या मावशीकडे काढली. दुसऱ्या दिवसापासून तिने गाडीतला एसी बंद केला, खिडक्या उघड्या टाकल्या, ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि भट्टीतल्या विटेसारखी भाजत घाट चढू लागली. चार दिवस काठावर हिरवा मिळाला. पाचव्या दिवशी पुन्हा लाल.

आता एकच संधी उरली होती.

शनिवारी ती घरी आली तेव्हा ओसरीवर मोठी पत्र्याची ट्रंक भरून ठेवलेली होती. दिवाकरने तिच्या हातात एक किल्ली ठेवली.

"मावशीच्या गल्लीतच खोली पायली," तो म्हणाला. "चार महिन्याची तर गोष्ट आहे."

हर्षलता किल्लीकडे बघत राहिली. "धर्माळ्यांची शोभाही चार महिन्यांसाठीच गेली होती. तिच्या घरात आता वटवाघळं राहतात."

"मंग काय करू? तू रोज त्या भट्टीतून येऊन रायली. एखाद दिवशी चक्कर येऊन दरीत गेली तर मी कॉफी कोनाले पाजू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुह्यासाठीच सांगतो ना वं."

ते तिला कळत होतं. रागावता येत नव्हतं, हाच तर त्रास होता. तिने ट्रंक उचलून पाहिली, हलेना.

"यात काय भरलंय?"

"पाटा-वरवंटा. तुले मिक्सरची चटणी चालत नाही ना."

हर्षलताला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सोमवारी ती ट्रंक गाडीच्या डिकीत घेऊनच खाली गेली.

त्या सोमवारी केंद्रात पहिला पेशंट आला बाबूलाल बेठेकर. बोरपाटीच्या शेजारच्या पाड्यावरचा हा कोरकू म्हातारा डाव्या पायाने अधू होता. होळीलाच तिने त्याला नवा पाय करून दिला होता. आता तो काठीवर उड्या मारत आला आणि पाय काखेत धरलेला.

"बाई, हा पाय खोटा निघाला. आता घुसतच नाही."

हर्षलताने पाय हातात घेतला. मांडी ज्यात बसते ते कवच एका बाजूला वाकलं होतं. इतक्या लवकर? "काका, लय चाललात का? डोंगर चढलात?"

"नाही वो. चाललो तर नीट होता. घामानं वास येत होता म्हणून धुतला, अन् वाळू घातला टिनावर."

"टिनावर! या उन्हात?"

"दोन दिवस. चांगला खडखडीत वाळला पाहिजे ना."

"अहो काका, पाय काय पापड आहे?" हर्षलता ओरडलीच. "हे कवच तापलं की मऊ पडतं. चालून नाही बिघडला तो, बसल्या जागी बिघडला! चालताना जपता, अन् बसताना उन्हात टाकता?"

बाकावरचे बाकी पेशंट हसू लागले. बाबूलालने हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात हर्षलताची दुधाळ गाडी उन्हात चमकत उभी होती.

"मले शिव्या देल्या," तो म्हणाला, "अन् तुमचा पापड कोनी वाळू घातला?"

आता बाकावर हास्याचा गडगडाट झाला. हर्षलताही हसली. पण हसता हसता तिचा हात थांबला.

बसल्या जागी बिघडला.

ती तशीच उठली, उन्हात गेली आणि गाडीचा दरवाजा उघडला. दरवाज्याचा चटका बसला. गाडीच्या पोटातून बारीक घुर्र असा आवाज येत होता. गाडी बंद होती, आत कोणी नव्हतं आणि तरी काहीतरी चालू होतं. इतके दिवस ती सकाळी गाडी सोडून जायची आणि संध्याकाळी यायची. मधल्या वेळात गाडी काय करते हे पाहायला कोण जाणार?

तिने गाडीच्या पडद्यावर विचारलं की शनिवारी उभी असताना किती वीज गेली. उत्तर आलं. सौरपत्र्याने दिवसभरात चार अंक दिले होते आणि तेवढ्याच वेळात बॅटरी थंड ठेवायला पंधरा अंक गेले होते.

गोष्ट सरळ होती. बॅटरी माणसासारखीच. गारठ्यात आळसावते आणि तापली की लवकर म्हातारी होते. म्हणून बनवणाऱ्यांनी तिच्याजवळ फ्रिजसारखं एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. बॅटरी ठरावीक हद्दीपलीकडे तापली की ते आपोआप सुरू होतं, गाडी चालती असो की उभी. आणि ते चालतं त्याच बॅटरीवर. हिवाळ्यात त्याला काही काम नसतं, तेव्हा उन्हात चरणारी गाडी खरोखर कमावते. पण अठ्ठेचाळीस अंशांत वरून ऊन, खालून तापलेली जमीन, आणि गाडी दिवसभर स्वतःला गार ठेवण्यासाठी स्वतःचंच रक्त पीत बसते. टपावर मिळवते चवलीभर आणि पोटात उधळते रुपयाभर. सबंध गाव गाईला चरायला सोडत होतं, आणि गाय तिथे वाळत होती.

नुसती सावली पुरणार नव्हती. सावलीतही लू, म्हणजे दुपारचा तापलेला वारा, भाजून काढते. पण वऱ्हाडच्या माणसाला लूचा उतारा सांगावा लागत नाही. वाळ्याच्या ताट्या! वाळ्याच्या मुळांची ताटी दाराला लावायची, तिच्यावर पाणी मारायचं. कोरडा वारा ओल्या मुळांतून जाताना पाणी उडवतो आणि त्या पाण्यापायी आपली उष्णता देऊन बसतो. हवा जितकी कोरडी तितकी ताटी गार. मुंबईच्या दमट हवेत हे चालायचं नाही. इथे मात्र लू जितकी जोरात सुटेल तितका तिच्याच पैशाने गारवा मिळणार.

ती डॉक्टर निस्तान्यांच्या खोलीत गेली.

"सर, मैदानात मांडव घालायचा आहे."

"कोणाचं लग्न?"

"माझ्या गाडीचं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मानकरबाई, ऊन लागलं का तुम्हाला? आणि पाणी? प्यायला टँकर येतो आपल्याकडे."

"प्यायचं नको. साच्याच्या खोलीत प्लास्टरचे हात धुतलेलं पाणी रोज गटारात जातं. ते टाकीत निवळू द्यायचं, अन् तेच ताट्यांवर सोडायचं."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची स्वतःची गाडी मैदानात हर्षलताच्या शेजारीच उभी होती. "दोन गाड्यांचा घाला मग," ते म्हणाले.

ती रात्र हर्षलताने भाड्याच्या खोलीत काढली, पण ट्रंक डिकीतून काढलीच नाही. खोलीतल्या साध्या प्लगवर गाडी रात्रभरात जेमतेम ऐंशीपर्यंत भरली. मंगळवारी सकाळी बांबू उभे राहिले. वर तट्ट्या, पश्चिमेच्या अंगाला वाळ्याच्या चार ताट्या, वर भोकं पाडलेला नळ, गाड्यांखाली ओली पोती. येणारेजाणारे थांबून विचारत, "नवरदेव कुठं आहे?" दुपारी लू सुटली. पत्रे खडखडायला लागले, रस्ता ओस पडला. हर्षलता जेवण सोडून मांडवात गेली. आत वाळ्याचा वास भरला होता, ओल्या मातीचा आणि जुन्या उन्हाळ्यांचा. तिने गाडीच्या पोटाशी कान नेला.

घुरघुर नव्हती. गाडी शांत झोपली होती.

संध्याकाळी काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. हर्षलताने दोनदा पाहिलं. ती निघणार इतक्यात बाबूलाल नव्या कवचाचा पाय घेऊन दारात.

"बाई, वर चालल्या? मी येतो. इथं माहं कोनी नाही."

हर्षलता घुटमळली. नाका वजन मोजतो. माणूस वाढला की लागणारी वीजही वाढते. आणि आजचा लाल म्हणजे तिसरा लाल. मग किल्ली, खोली, शोभाचं घर, वटवाघळं. कोणीही म्हटलं असतं, म्हाताऱ्याला उद्या नेऊ. पण ज्या माणसाला आपण पाय दिला त्याला सांगायचं की तू आज घरी जाऊ शकत नाहीस?

"बसा काका," ती म्हणाली.

बाबूलालने आधी बाजाराचं पोतं मागच्या सीटवर टाकलं, मग पुढे बसला आणि पाय ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला.

"घाला ना तो!"

"नको. गार राहू द्या. तुम्हीच म्हनता ना."

नाक्यावर रांग नव्हती. गाडी वजनाच्या पाट्यावर चढली. काट्यावर चौऱ्याहत्तर. यंत्राने विचार केला आणि पिवळा दिवा लावला. पिवळा म्हणजे थोडं कमी पडतंय. दहा मिनिटांत वजन उतरवा, नाहीतर लाल. झामरेदादांनी आकडा वाचला. "पंच्याहत्तर पाहिजे. एक कमी पडतो, ताई."

बाबूलाल काठी चाचपू लागला. "मी उतरतो. थांबतो इथंच, झामरेसाहेबापाशी."

"बसा खाली!" हर्षलता गाडीतून उतरली. एक अंक. पाणी, पोतं, काय काढायचं? पोत्यात म्हाताऱ्याच्या महिन्याभराच्या ज्वारीचं ओझं होतं. तिने डिकी उघडली.

ट्रंक.

पाटा, वरवंटा, शेगडी, गादी, चार महिन्यांचं सगळं बिऱ्हाड.

"दादा, हात लावा जरा," ती म्हणाली.

"अगाई गं! यात काय दगड भरले?"

"हो. दगडच आहेत."

दोघांनी ती ट्रंक कशीबशी उतरवून नाक्याच्या चौकीत ठेवली. हर्षलता परत येऊन बसली. यंत्राने पुन्हा वजन घेतलं. लागणारे चौऱ्याहत्तर, असलेले चौऱ्याहत्तर. क्षणभर दिवाच गेला, आणि मग हिरवा लागला.

झामरेदादांनी दांडा उचलला आणि रस्त्याकडे हात करून ओरडले, "सोडा बोरपाटीची मेल!" रस्त्यावर दुसरं कोणीही नव्हतं, पण ओरडण्यात काही कसर नव्हती.

गाडी घाटाला लागली. आज हर्षलताने एका वळणावर थोडा वेळ एसीही लावला, नुसती ऐट म्हणून. बॅटरी गार होती, जोर पुरा देत होती. वळणं मागे पडत गेली. सागाची वाळलेली पानं रस्त्यावरून पळत होती, खाली मैदान धुळीत बुडालं होतं आणि वर पठाराच्या कडेला आकाश तांबडं झालं होतं. बाबूलाल दर वळणावर काटा विचारायचा.

"किती?"

"पन्नास."

"अन् आता?"

"चव्वेचाळीस. काका, हा काय क्रिकेटचा स्कोर आहे?"

"त्याहून बरा आहे. यात आपन खेळून रायलो."

पाड्याच्या फाट्यावर त्याने फडकं सोडलं, पाय चढवला, पट्टे आवळले आणि पोतं खांद्यावर टाकून चालू लागला. चार पावलं गेला, वळला आणि पाय जमिनीवर आपटून दाखवला. ठणठणीत. हर्षलताने हॉर्न वाजवला.

बोरपाटीच्या शेवटच्या वळणावर दिवाकर उभा होता. ती खोलीवर राहणार होती, त्याने तिची वाट पाहायचं कारण नव्हतं. पण सवयीने तो रोजच्या वेळेला तिथे आला होता, हातात कॉफीचा थर्मास सुद्धा घेऊन. दुधाळ गाडी वळणावर दिसली तेव्हा थर्मास त्याच्या हातातून सुटता सुटता राहिला.

तिने काच खाली केली. "सव्वीस," ती म्हणाली. "पाचव्या हिश्शाच्या वर. म्हाताऱ्याला अन् त्याच्या ज्वारीला घेऊन."

"कशी काय वं?"

"सांगते. आधी कॉफी द्या. अन् झऱ्याखालच्या बांधावर उद्यापासून वाळा लावायचा आहे. सगळ्या परतवाड्याला ताट्या लागणार आहेत."

झालंही तसंच. पंधरा दिवसांत परतवाड्यात सावलीसाठी भांडणं सुरू झाली आणि उन्हातली मैदानं ओस पडली. ज्येष्ठात सरकारी नकाशा पुन्हा निघाला तेव्हा बोरपाटीभोवतीची लाल रेघ गेली होती. त्याच महिन्यात धर्माळ्यांच्या शोभाने कौलं फेरायला माणूस पाठवला, आणि मागोमाग स्वतःही आली, वटवाघळांना शिव्या देत.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी दिवाकर गाडीत बसला, मागे वळून पाहिलं, उतरून डिकीत पाहिलं आणि परत येऊन बसला.

"ट्रंक कुठं आहे?"

"नाक्यावर राहिली," हर्षलता म्हणाली आणि पदरातली किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "तिचा पल्ला तेवढाच होता."

दिवाकरने किल्लीकडे पाहिलं आणि ती परत तिच्याच हातात दिली.

"मावशीले देऊन देजो," तो म्हणाला. "सकाळी खाली जातच आहेस."